तिसरी असाइनमेंट

१ ऑगस्ट, शुक्रवार

ही वही नव्या अभ्यासासाठी आणली. पुढून अभ्यास लिहीन, मागून हे. कोणाला सांगण्यासारखं नाही आणि पोटात ठेवण्यासारखंही नाही.

मालकांनी आज जेवणाच्या सुट्टीत आत बोलावलं. वर्ष संपता संपता कापायचं नवं यंत्र येणार आहे. कापडाचे चाळीस थर एका दमात कापतं म्हणे, आणि साचे कापडावर कसे मांडायचे तेही त्याचा कॉम्प्युटरच ठरवतो. मी विचारलं, मग मी काय करायचं?

मालक म्हणाले, "मास्तर, बटणं दाबायला कोणीही मिळेल. आत काय चाललंय ते कळणारं एक माणूस मला हवंय. विद्यापीठात पहिल्या वर्षाला कॉम्प्युटरची ओळख म्हणून एक विषय असतो. बाहेरच्या माणसालाही तेवढा एकच विषय घेता येतो, मी चौकशी केली आहे. पास होऊन या, यंत्र तुमचं."

"आणि नाही झाले तर?"

"तपासणीच्या टेबलावर जागा आहेच की."

तपासणीचं टेबल म्हणजे दिवसभर लोंबणारे धागे कापत बसायचं. सव्वीस वर्षं मी ताके कापते आहे. कारखान्यात शेंबडं पोरही मला मास्तर म्हणतं. मी हो म्हणून आले.

घरी आल्यावर मुंगीला सांगितलं. मुंगी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. लहानपणी साखरेचा एकेक दाणा उचलून खायची म्हणून मुंगी. गेल्या महिन्यापासून माझ्याकडे राहते, त्याच विद्यापीठात कॉम्प्युटरच्या पदवीला आहे, शिष्यवृत्ती घेऊन. भावाचं ओळखीच्यांना सांगून झालं, आता अनोळखी लोकांना गाठून सांगतो. मला वाटलं, पोरीला आनंद होईल. ती आधी हसली. मग म्हणाली, "आत्या, तू कशाला? तिकडे सगळे फार पुढचे असतात गं."

मी म्हटलं, "मग तू आहेस की मला."

त्यावर ती ताट अर्धं ठेवून उठली. पहिल्या वर्षाचं दडपण असणार.

५ ऑगस्ट, मंगळवार

पहिला तास. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी आठ ते साडेनऊ, शनिवारी दुपारी लॅब. म्हणजे दहाची पाळी चुकत नाही.

वर्ग उतरता आहे, बाकं पायऱ्यांसारखी. शंभरावर मुलं असतील. मी दार उघडलं तर पुढची दोन बाकं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं मीच शिकवणार. मी मान खाली घालून पहिल्या बाकावर बसले, कारण मागून मला फळा दिसत नाही. मुंगी अगदी वरच्या रांगेत, भिंतीला टेकून. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून लांब बसली असावी. समजूतदार आहे.

मॅडम तिशीच्या आसपास असतील. आवाज बारीक, पण एकही वाक्य अर्धवट सोडत नाहीत. म्हणाल्या, "यंत्राला तुमच्या मनातलं कळत नाही. तुम्ही सांगितलेलं कळतं." मी ते वहीच्या पुढच्या बाजूला लिहून घेतलं.

९ ऑगस्ट, शनिवार

लॅबमध्ये पाऊण तास माझा प्रोग्राम चालेना. चार ओळींचा प्रोग्राम. दर वेळी लाल अक्षरं. शेवटी मॅडमनी वाकून पाहिलं आणि एका ओळीच्या शेवटी बोट ठेवलं. दोन टिंबं राहिली होती. एकावर एक अशी दोन टिंबं.

शेजारची मुलगी म्हणाली, "काकू, माझंही असंच होतं." तिचं केव्हाच झालं होतं.

२० ऑगस्ट, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे, कापायच्या टेबलावर.

काल कॉम्प्युटरला दहा तुकडे मोजायला सांगितले तर त्याने नऊच मोजले. मी म्हटलं, यंत्र बिघडलं. मग कळलं, एकपासून दहापर्यंत असं सांगितलं की तो दहाला दारात ठेवतो, आत घेत नाही. आणि मुळात मोजायला सुरुवात शून्यापासून. ही कुठली रीत. पण त्याची रीत तो मोडत नाही, एवढं मात्र आहे. माणसांचं तसं नसतं.

मुंगीने तिचा लॅपटॉप मला दिला. "तूच वापर, आत्या. लॅबमध्ये असतात की मला."

मी म्हटलं, "अगं, तुझा अभ्यास?"

"मला येतं हे सगळं. शाळेतच झालंय."

किती मोठ्या मनाची पोर आहे. भावाला फोनवर सांगितलं, तो गहिवरला.

४ सप्टेंबर, गुरुवार

पहिल्या चाचणीचे मार्क. मला वीसपैकी अकरा. कागद दोनदा पाहिला, मग तिसऱ्यांदा पाहिला. अकराच.

मुंगीला विचारलं, तुला किती? म्हणाली, "चांगले पडले." आकडा सांगितला नाही. माझे अकरा ऐकल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार. मी अकराची पेढ्यासारखी वाटणी केली, मालकांना सांगितलं, भावाला सांगितलं. भाऊ म्हणाला, "ताई, तुला अकरा म्हणजे तिला वीस असणार." मी म्हटलं, असणारच.

१४ सप्टेंबर, रविवार

मुंगी फार वाळली आहे. सकाळी माझ्याबरोबर निघते. तासाला मी पुढे बसते, ती मागे, त्यामुळे दिसत नाही. मी मान वळवून पाहिलं एक-दोनदा, पण एवढ्या डोक्यांत कुठली सापडायला. डबा तसाच परत आणते. विचारलं तर म्हणते, वेळच नाही मिळाला. आज दुपारभर झोपली होती. मी आवाज न करता काम उरकलं. एवढा अभ्यास म्हणजे डोकं थकणारच.

वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, "फोनवर मुंगी नुसती हं, हं करते. बरी आहे ना?" मी म्हटलं, "अगं, अभ्यासाच्या पोरी अशाच. तू काळजी करू नकोस, मी आहे ना इथे."

२७ सप्टेंबर, शनिवार

आज काय झालं ते नीट लिहिते.

तिसरी असाइनमेंट मिळाली. सुताराकडे बारा फुटांच्या फळ्या आहेत. त्यातून वेगवेगळ्या लांबीचे तुकडे कापायचे आहेत, यादी दिली आहे. प्रत्येक कापात करवतीच्या पात्याएवढं लाकूड भुसा होऊन जातं, तेही धरायचं. कमीत कमी फळ्यांत काम भागवा. वर्गात सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मला हसू आलं. हे तर मी रोज करते. फक्त लाकडाच्या जागी कापड.

लॅबमधून तडक घरी आले आणि बसले. मोठे तुकडे आधी कापायचे, हे कापणाऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. लहान तुकडा कुठेही बसतो, मोठ्याला जागा लागते. आणि नवा ताका फाडण्याआधी आधीच्या सगळ्या उरलेल्यांत शोधायचं, बसतो का कुठे. हे सगळं यंत्राला एकेक ओळ करून सांगितलं. प्रोग्राममध्ये वस्तूंची नावं आपली आपण ठेवायची असतात. मी आपलेच शब्द ठेवले, अक्षरं तेवढी इंग्रजी: तुकडा, फळी, उरलेलं. करवतीसाठी प्रत्येक तुकड्यामागे जे जास्तीचं धरायचं त्याला 'माया' नाव दिलं. शिवणीत आत दुमडून ठेवायला जे कापड जास्त सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. सुताराचं वाया जातं, आमचं आत राहतं, एवढाच फरक.

पाच वेळा चुकलं. सहाव्यांदा उत्तर आलं: सात फळ्या. मी खडूने फरशीवर आखून पाहिलं. सातच.

मुंगी दारात उभी होती. मी तिला बसवून सगळं समजावलं. मीच तिला. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "अजून एकदा सांग."

या घरात मला कोणी असं म्हटल्याचं आठवत नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

असाइनमेंटचे मार्क आले. वीसपैकी अठरा. मॅडमनी शेरा लिहिला आहे: 'विचार फार चांगला.' मालकांना दाखवायला कागद कारखान्यात नेला. त्यांनी तो यंत्राच्या चित्राशेजारी लावला.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

विभागाकडून पत्र. माझी तिसरी असाइनमेंट दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या असाइनमेंटशी जुळते आहे, शुक्रवारी सकाळी येऊन भेटावं. दोन प्रोग्राम सारखे आहेत का ते तपासणारा एक प्रोग्राम त्यांच्याकडे आहे, त्याने हे शोधलं.

यंत्राची चूक असणार. जगात साचे मांडणारी मी एकटी नाही, कोणाच्या घरी शिंपी असेल, सुतार असेल. मुंगीला पत्र दाखवलं. तिने बराच वेळ वाचलं, एवढंसं पत्र. म्हणाली, "काहीतरी घोटाळा असेल." आणि मग, "मलाही आलंय."

मी म्हटलं, "बघ, म्हणजे सगळ्यांनाच पाठवलं असेल."

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

मॅडमची खोली लहान. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी. मॅडम म्हणाल्या, "नावं वेगळी आहेत, हाडं एकच आहेत. तुम्हीच पाहा."

दुसऱ्या कागदाच्या डोक्यावर मुंगीचं नाव होतं.

माझा 'तुकडा' तिथे वेगळ्या नावाने होता, 'फळी' वेगळ्या नावाने. ओळी त्याच, तशाच. आणि मध्ये एका ओळीत 'माया' तशीच राहिली होती. बदलायची राहून गेली.

मॅडम म्हणाल्या, "दोघी एकाच घरात राहता, असं पत्त्यावरून दिसतंय. मला फक्त एवढं सांगा, लिहिलं कोणी?"

मी विचार केला असं नाही म्हणता येणार. पोरीची शिष्यवृत्ती डोळ्यांपुढे आली, भावाचा चेहरा आला. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी तिचं पाहून केलं. लॅपटॉप तिचाच आहे. माझ्या वयाला कुठलं सुचायला."

"तुम्ही पाहून केलंत."

"हो."

मॅडमनी 'माया' शब्दावर पेन्सिल ठेवली. "मग हे काय आहे?"

दिवसातून शंभर वेळा हा शब्द माझ्या तोंडी असतो. मी म्हटलं, "माहीत नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या बोटांना खडू लागला होता, तो मी पदराला पुसला. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्ही कबूल केलंत तसं मी लिहून ठेवते. नियमाप्रमाणे या विषयात तुम्हाला नापास करावं लागेल. सोमवारी कागद समितीकडे जातील. तोपर्यंत काही वेगळं सांगावंसं वाटलं तर या."

बाहेर बाकावर मुंगी बसली होती, तिची वेळ माझ्यानंतरची. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कामाला निघून गेले. मालकांना अजून सांगितलं नाही. कापायचं टेबल गेलं ते गेलं. पण दिवसभर कात्री हलकी चालत होती. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो, असं वाटत होतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

काल संध्याकाळी घरी आले तर मुंगी खुर्चीत ताठ बसली होती, दप्तर अजून खांद्याला.

"तू काय केलंस हे?"

मी म्हटलं, "होऊ दे गं. मला काय, मी धागे कापेन. तुझं वर्ष वाचलं."

"मी सांगणार होते. तीन दिवस घोकत होते मी ते. आत गेले आणि मॅडम म्हणाल्या, तुझ्या आत्याने कबूल केलंय, तुला काही सांगायचंय का. मला तोंडच उघडता आलं नाही. त्यांनी 'जा' म्हटलं."

"मग बरंच झालं की."

"काय बरं झालं, आत्या? मी सप्टेंबरपासून तासाला बसलेली नाही. तुझ्याबरोबर दारापर्यंत येते, तू आत गेलीस की परत फिरते. बस थांब्यावर बसते. वाचनालय उघडलं की तिथे बसते. पहिल्या चाचणीत मला वीसपैकी तीन होते. तीन."

मी विचारलं, "का नाही सांगितलंस?"

"कोणाला सांगू? बाबांना? तुला? तू रोज येऊन सांगायचीस, आज हे कळलं, आज ते कळलं. तुला अठ्ठेचाळीसाव्या वर्षी येतं आणि मला येत नाही, हे तुला सांगू?" मग आवाज खाली आला. "सापडले तर एकदाचं संपेल, असं वाटत होतं. आणि तू मला सोडवलंस. आता अजून तीन वर्षं मी हुशारच राहायचं का?"

आत जाऊन तिने दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आज लॅबला गेले नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

खरं लिहायचं तर सकाळी मला राग आला होता. माझं टेबल गेलं, मान गेला, आणि वर हिचंच ऐकून घ्यायचं. भल्याची दुनिया राहिली नाही, वगैरे. भांडी जोरात घासली.

दुपारी वही मागून पुढे चाळली. १४ सप्टेंबरला मी लिहिलंय की मान वळवून पाहिलं आणि ती सापडली नाही. नसलेलं माणूस कसं सापडेल. डबा परत येत होता. लॅपटॉप माझ्याकडे होता. अकरा मार्कांच्या दिवशी मी तिच्या आकड्याबद्दल दुसरा प्रश्न विचारला नाही. हे सगळं माझ्याच अक्षरात आहे. कापडातला एक सुटा धागा मला दहा फुटांवरून दिसतो.

आणि शुक्रवारचं. 'कात्री हलकी चालत होती.' हेही माझंच अक्षर.

संध्याकाळी तिच्या दारावर टकटक केली. म्हटलं, "उद्या मी मॅडमकडे जाते आहे. खरं सांगणार. तू यायचंस की नाही ते तू ठरव."

ती म्हणाली, "येते."

३ नोव्हेंबर, सोमवार

मॅडमनी दोघींना बसवलं. मी म्हटलं, "शुक्रवारी मी खोटं बोलले. प्रोग्राम माझा आहे." त्यांनी भिंतीवरच्या फळ्याकडे बोट केलं. फळा पुसायला मला वेळ लागला. मग लिहायला लागले. दोन टिंबं एकदा विसरले, स्वतःच परत येऊन दिली. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. माया का धरायची, कुठे धरायची, शेवटच्या तुकड्याला का नाही धरायची, सगळं सांगितलं. बोलता बोलता मी रमले होते, हे लिहून ठेवायला लाज वाटते. मुंगी मागे बसली आहे हे मी पुन्हा एकदा विसरले होते.

मग ती उठून म्हणाली, "मॅडम, मी घेतलं. आत्याला माहीत नव्हतं. रात्री ती झोपली की लॅपटॉप घ्यायचे. मला यातलं काहीही येत नाही, मला हा विषय नको आहे, आणि कुठला हवाय तेही मला माहीत नाही." एका दमात बोलली, पाठ केलेलं असावं. पण शेवटचे शब्द पाठ केलेले नव्हते.

मॅडम म्हणाल्या, "तू पहिल्या चाचणीनंतर वर्गात नव्हतीस हे मलाही दिसलं नाही. शंभर जणांत नाही दिसत, असं मी स्वतःला सांगू शकते. ते पुरेसं नाही."

निकाल असा: मुंगीला या विषयात शून्य, म्हणजे शिष्यवृत्ती जाणार. मला तिसऱ्या असाइनमेंटला शून्य. चोरीसाठी नाही, खोटं सांगितल्याबद्दल. मी विषयात राहू शकते. अठरा गेले, आता अंतिम परीक्षेत सत्तरपैकी पस्तीस तरी हवेत.

बाहेर पडल्यावर मुंगी म्हणाली, "बाबांना मीच फोन करते." जिन्यातच उभं राहून केला. मी खाली जाऊन थांबले. एवढं तरी कळलं मला.

५ नोव्हेंबर, बुधवार

भाऊ आला. रात्रभर प्रवास करून सकाळी दारात. मुंगीला फक्त एवढंच म्हणाला, "सामान बांध." ती आत गेल्यावर माझ्यासमोर बसला. चहा घेतला नाही.

"तू घरात होतीस ना, ताई?"

"होते."

"तुझ्या भरवशावर ठेवली होती."

आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा होता आणि मी चौदाची. याच्या शर्टाची बटणं लावण्यापासून सगळं मी केलं. ते सगळं जिभेवर आलं होतं. बोलले नाही. तो चूक बोलत नव्हता.

नंतर तोच म्हणाला, "फोनवर मीही मार्कच विचारायचो." आणि तळहाताने डोळे पुसले. यंत्रशाळेत काम करणाऱ्या माणसाचे हात, चेहऱ्यावर काळं उठलं. मी ओला टॉवेल दिला.

मुंगी निघताना माझ्या पाया पडायला वाकली, मी वरच्या वर धरली. बारीक झालेले खांदे. मला माफ कर म्हणावं की जपून जा म्हणावं, ते ठरेपर्यंत रिक्षा आली. लॅपटॉप टेबलावरच होता. मी धावत खाली नेला तर म्हणाली, "परीक्षा आहे ना तुझी. असू दे." या वेळी मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. खरंच असू दे म्हणत होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

घर मोठं झालं आहे. मालकांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी भिंतीवरचा कागद काढायला हात पुढे केला, मग म्हणाले, "प्रोग्राम तुम्हीच लिहिला ना? मग राहू द्या." मार्क मात्र खोडून शून्य केले मी, खडूने.

मुंगीला तीनदा फोन केला. "जेवलीस का?" "हो." "झोप होते का?" "हो." "बरं." "बरं." एवढंच.

१ डिसेंबर, सोमवार

परीक्षा झाली. सत्तर मार्कांची, तीन तासांची. एका प्रश्नावर अडकले आणि तो सोडून पुढे गेले. पूर्वी मी अडलेल्या ठिकाणीच बसून राहायचे. शेजारचा मुलगा सारखा वर बघत होता, घामाघूम. पेपर संपल्यावर त्याला विचारलं, "बरं वाटत नाही का?" तो दचकला. म्हणाला, "नाही काकू, ठीक आहे." मी म्हटलं, "ठीक नसेल तर ते सांगायला मॅडमची खोली वरच्या मजल्यावर आहे." उगाच बोलले की काय, कोण जाणे.

२२ डिसेंबर, सोमवार

सत्तरपैकी अडतीस. पास.

यंत्र गुरुवारी आलं. लांबलचक टेबल आणि त्यावर सरकणारं पातं. बसवायला आलेल्या माणसाने साचे मांडायचा प्रोग्राम चालवून दाखवला. मी विचारलं, "हा मोठे तुकडे आधी घेतो का?" तो म्हणाला, "हे आजवर कोणी विचारलं नव्हतं." त्याला माहीत नव्हतं. मी दोन दिवस खपून शोधून काढलं. घेतो.

२८ डिसेंबर, रविवार

दुपारी मुंगीचा फोन. तिचा, आपणहून.

"पास झालीस म्हणे."

"झाले. काठावर."

"मला बाबांनी सांगितलं. तू नाही सांगितलंस."

"कसं सांगावं कळेना."

मग म्हणाली, "आत्या, एक विचारू? त्या दिवशी मॅडमना खोटं का सांगितलंस? माझ्यासाठी, असं म्हणू नकोस."

मी तेच म्हणणार होते. ओठांवर होतं. म्हटलं, "तुझ्यासाठी होतं थोडं. बाकीचं माझ्यासाठी. मला चांगलं व्हायचं होतं. तुला काय झालंय ते विचारण्यापेक्षा ते सोपं होतं."

ती हुंकारली. रडली की काय, फोनवर कळत नाही. मी जेवलीस का विचारणार होते, ते गिळलं. विचारलं, "कशी आहेस?" आणि गप्प बसले.

खूप वेळ गेला. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, चारदा, पाचदा. मला दर क्षणाला वाटत होतं, काहीतरी बोलावं, हे थांबणं सहन होत नाही. बोलले नाही.

मग ती बोलायला लागली. तासभर बोलली. मी मध्ये एकदाही 'मी आहे ना' म्हटलं नाही.

काय बोलली ते इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे.